भट्टीचे सोळा डोळे

“मोज गो माझ्यासंगं. एक.”

“एक.”

“दोन.”

“दोन.”

“मोठ्यानं मोज. भट्टीला आयकू गेलं पायजे. नायतर ती झोपायची कशी?”

बापाचा सदतीस वर्षांपूर्वीचा हा आवाज गंगीच्या कानी कधी पडेल याचा नेम नसे. हंडा भरताना पडायचा, भाकरी थापताना पडायचा. आज पडला तो इस्त्रीत निखारे भरताना. चिमट्याने एकेक निखारा उचलून ती लोखंडी इस्त्रीच्या पोटात ठेवत होती आणि तिचे ओठ आपोआप हलत होते.

“काय पुटपुटतेस?” समोर स्टुलावर बसलेल्या दामूने विचारलं.

“काय नाय, बा. कोळसं मोजते.”

“कोळसं मोजायचं नसतं. आयकायचं असतं.” दामूने पोत्यातले दोन कोळसे घेतले आणि एकमेकांवर हलकेच आपटले. आवाज आला तो बद्द, ओल्या मडक्यासारखा. त्याने तोंड वाकडं केलं. “हा घाईत काढलाय. पोटात लाकूडच हाय अजून. धूर करील मेला.” मग दुसरे दोन घेतले. खण्ण. म्हातारा हसला. “हा बघ. हा निजून उठलेला.”

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत उतरलं, की बाजाराच्या तोंडाशी गंगीचं इस्त्रीचं टेबल होतं. वर निळी ताडपत्री, मागे भाड्याची एक खोली. टेबल मुळात सीताबाई परटिणीचं. गंगी लग्नानंतर तिच्याकडे कपडे पोचवायला लागली, मग घड्या घालायला, मग इस्त्री फिरवायला. सीताबाईचे गुडघे गेले तेव्हा तिने टेबल, इस्त्री आणि गिऱ्हाइकं तिन्ही गंगीच्या हवाली केली. म्हणाली, “तुझ्या हाताला आगीची भाषा येते गो. माझ्या सुनांना मोबाइलची येते.”

खरंच येत होती. गंगी ओल्या बोटाचा थेंब इस्त्रीवर टाकायची. थेंब चर्रकन जागेवर मेला तर सुती कपडा. गोळी होऊन पळाला तर थांबायचं, इस्त्री जास्त तापलीय. एवढ्या वर्षांत तिने एक शर्ट करपवला नव्हता. कंपनीतल्या तिन्ही शिफ्टचे युनिफॉर्म तिच्याकडे यायचे. गॅसची इस्त्री घे म्हणून सगळे सांगायचे, पण मग दामूने दिवसभर करायचं काय? कोळसा निवडणं, पेटवणं, सूप हलवून फुलवणं आणि संध्याकाळी उरलेले निखारे पत्र्याच्या डब्यात भरून वर झाकण दाबून विझवणं, हे त्याचं खातं होतं. नवरा प्रदीप फर्स्ट शिफ्टला गेलेला, पोरगी शिकतेय, बाप डोळ्यांसमोर बसलेला. गंगीला आणखी काय हवं होतं! रात्री अंग टेकलं की तिला समाधानाची झोप लागायची. एक बारीक खडा तेवढा टोचायचा. पण खडा जुना होता. अंगाला त्याची सवय झाली होती.

“आई, माझा ड्रेस!” खोलीतून रोशनी ओरडली. “अकराला पेणला पोचायचंय.”

“करते गो. तू तुझं पाठ कर.”

रोशनी कागद हातात घेऊन बाहेर आली. ती रोह्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. रानाकडेच्या त्यांच्या वाडीतून एवढी शिकलेली पहिलीच. आज पेणच्या कॉलेजात कार्यक्रम होता, ‘एक शब्द, एक गोष्ट’. प्रत्येकाने चिठ्ठीत आलेल्या एका इंग्रजी शब्दाचा अर्थ, त्याचं मूळ आणि त्याला जोडून आपल्या घरातली एखादी गोष्ट सांगायची. बोलायचं मराठीत. रोशनीच्या चिठ्ठीत आला होता स्वेल्टर.

“म्हंजी?” दामूने विचारलं.

“म्हणजे उकाड्यानं जीव नकोसा होणं, आज्या.”

“त्याला शब्द कशाला हवा? अंगरखा काढला की कळतं.”

तेवढ्यात कमळाकर आला, कंपनीतला जनरल शिफ्टवाला. शर्ट न्यायला यायचा आणि अर्धा तास बोलून जायचा. “काय चाललंय? सकाळी सकाळी विंग्रजी?”

“स्वेल्टर,” दामू ऐटीत म्हणाला.

“ते तर थंडीत घालतात.”

“ते स्वेटर, काका!” रोशनी खिदळली. “हा उकाड्याचा शब्द आहे.”

“लबाड. विंग्रजांकडं बर्फ. त्यांना उकाड्याला शब्द कशाला? त्यांनी आपल्याकडनंच नेला असणार. सगळं नेलं, उकाडा पण नेला.”

“नाय हो. लय जुना आहे. हजार-बाराशे वर्षांचा.” रोशनीने कागद खाली केला. तिला हे पाठ होतं. “पहिल्यांदा त्या शब्दाचा अर्थ होता मरणं. नुसतं मरणं. मग झाला ग्लानी येऊन पडणं. मग उकाड्यानं ग्लानी येणं. आणि आता घामाघूम होऊन जीव कासावीस होणं. शब्द तोच, त्यातलं मरण तेवढं हळूहळू निघून गेलं.”

दामूने हनुवटी खाजवली. “म्हंजी मरणाचा घाम झाला.”

“व्हय, आज्या. तसंच.”

“बरं झालं. उतार पडला म्हनायचा.”

गंगीचा हात ओढणीवर थांबला. क्षणभरच. मग तिने इस्त्री उचलून लोखंडी पट्टीवर ठेवली, कारण ओढणी नाजूक होती.

“आणि त्याच्याही मागं,” रोशनी म्हणाली, “जाणकारांचा एक अंदाज आहे. नक्की नाय, अंदाज. की अगदी मुळात त्याचा अर्थ असावा हळूहळू जळणं. ज्वाळा न करता. धुमसणं.”

“भट्टीसारखं,” दामू पटकन म्हणाला.

रोशनी आजाकडे बघून हसली. हसण्यात काहीतरी होतं. “गोष्ट कुठली सांगणार गो?” गंगीने विचारलं. “ते तिथंच ऐक,” पोरगी म्हणाली.

निघताना गंगीने चुलीकडे, गॅसकडे बघितलं. दामू मागेच उभा होता. त्याने गॅसचं बटण स्वतः बंद केलं होतं, तरी रोजच्यासारखं विचारलंच.

“बघ गो, मिटलं का?”

“मिटलं, बा.”

“नळ?”

“मिटला.”

“एकदा हात लाव.”

तिने हात लावला. सदतीस वर्षं ती असाच हात लावत आली होती. दामूने मिटलेली कडी, दामूने लावलेलं झाकण, दामूने बांधलेली गाठ. आपण केलेल्या कशावर त्याचा भरवसा नव्हता. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याची सवय. गंगीला ठाऊक होतं ती सवय कुठल्या दिवशी लागली.

*

एसटी नागोठण्याकडे धावत होती. खिडकीतून येणारी हवा तापलेल्या तव्यावरून आल्यासारखी. रोशनी ओठ हलवत पाठ करत होती. शेजारी गंगी डोळे मिटून बसली होती आणि तिच्या डोळ्यांपुढे खांब गावाच्या वरचं रान होतं.

दामू तेव्हा नुसता दामू नव्हता. कोळशाची भट्टी लावणारा, भट्टीवाला दामू होता. लाकडं रचून, वर पाला, त्यावर ओली माती लिंपून केलेला घुमटासारखा ढीग. आत आग घालायची, पण पेटू द्यायचं नाही. चहूबाजूंनी भोकं ठेवून तिला घोट घोट हवा पाजायची. दामू त्या भोकांना डोळे म्हणायचा. त्याच्या भट्टीला डोळे सोळा. धूर आधी पांढरा, ओला, दाट. मग पिवळसर. मग एका क्षणी तो पातळ, निळा होतो, समोरचं झाड त्यातून दिसायला लागतं. तो क्षण ज्याला दिसला तो भट्टीवाला. निळा धूर आला की एकेक डोळा ओल्या मातीने मिटायचा आणि भट्टी चार दिवस झोपवायची. त्या चार दिवसांत वारा आत गेला तर कोळशाची राख.

डोळे मिटताना दामू म्हणायचा,

नीज नीज भट्टीबाय, मीट डोळं सोळा,
उठशील तवा दे गो लेक काळासावळा.

आणि गंगीला मागून मोजायला लावायचा. ती अकरा वर्षांची होती. त्या चैतात दोघांनी मोठ्याने मोजत सोळा डोळे मिटले. सोळावा मिटल्यावर दामूने भट्टीवर हात फिरवला, जसा गाभण गाईवर फिरवतात तसा. मग तो आणि आई दुसऱ्या रानात लाकडं तोडायला गेले. राखणीला गंगी आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ दिनेश.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दिनेश रडायला लागला. त्याने काजूच्या बिया गोळा केल्या होत्या, त्याला त्या भाजून हव्या होत्या. खोपीबाहेर आग पेटवायची दामूने सक्त मनाई केलेली, कारण पाला वाळलेला. पण एवढी मोठी आग तर समोरच झोपलेली होती. गंगी भट्टीच्या मागल्या अंगाला गेली. कोयत्याच्या टोकाने मातीत भोक पाडलं. आतून धग आली, चेहरा भाजून काढणारी. पत्र्याच्या तुकड्यावर बिया ठेवून तिने आत सारल्या. तडतडल्या. चिकाने तिची बोटं उतली. बिया काढून तिने भोक बुजवलं, पण माती कालवायला हंड्यात पाणी नव्हतं. ओढा खाली, लांब, उन्हात. तिने कोरडी मातीच दाबली, वर पाला लावला आणि मनात म्हणाली, संध्याकाळी लिंपू.

संध्याकाळी ती विसरली. सकाळी भट्टीची मागची बाजू खचली होती आणि आत तांबडं तोंड दिसत होतं.

मुकादम हैबतराव आला. अर्ध्या तासात वाडीची माणसं गोळा झाली. मागल्या अंगाला, राखेच्या कडेला, गंगीचं भोक अजून उघडंच दिसत होतं. हैबतराव दामूच्या अंगावर धावून गेला, “एक डोळा मिटायचा राहिला तुझा! भट्टीवाला म्हणवतोस!”

“नाय, मालक. सोळा मिटले,” दामू म्हणाला. “मोजून मिटले. पोर संगं व्हती.” आणि तो गंगीकडे वळला. त्या डोळ्यांत केवढी खातरी होती! “गंगे, सोळा मोजले ना गो आपन?”

सगळे तिच्याकडे बघत होते. तिचे उतलेले हात पाठीमागे होते.

“ध्यानात नाय, बा,” ती म्हणाली.

दामूच्या चेहऱ्यावरचं काहीतरी तेव्हा मिटलं. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग राखेकडे. मग हैबतरावाला म्हणाला, “राहिला असंल. माझंच चुकलं.”

त्यानंतर दामूला कोणी भट्टी लावायला बोलावलं नाही. तो वीटभट्टीवर गेला, भाताच्या लावणीला गेला, नदीवर वाळू काढायला गेला. कधी रडला नाही, कोणावर रागावला नाही. उलट ती गोष्ट तो स्वतःच हसत सांगायचा, “पंधराच मिटले मी. सोळावा ध्यानातनं गेला.” पण त्या दिवसापासून मिटलेली कडी त्याला मिटलेली वाटेना.

तेव्हाच सांगितलं असतं तर एक थप्पड बसली असती. मग एक वर्ष गेलं, थपडेपेक्षा मोठं काहीतरी बसलं असतं. मग लग्न झालं. मग आई गेली. आणि बोलण्याची वाट इतकी वाढलेल्या गवतात हरवून गेली की गंगीला वाटू लागलं, तिकडे वाट नव्हतीच.

“आई, पेण आलं. झोपलीस?”

“नाय गो. डोळे मिटलेत नुसते.”

*

पेणच्या कॉलेजच्या हॉलमध्ये पंखे होते, पण ते वरचीच गरम हवा खाली ढकलत होते. दीडशे मुलं. गंगी शेवटच्या बाकावर, पदराने वारा घेत बसली. सूत्रसंचालन करणाऱ्या अनिता मॅडमनी नाव पुकारलं आणि रोशनी उभी राहिली. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. गंगीने आधी ती घडीच बघितली.

पोरगी छान बोलली. मरणाचा घाम कसा झाला ते सांगितलं. घामाचा स्वेट आणि स्वेल्टर दिसायला सख्ख्या बहिणी, पण त्यांचं नातं काही नाही, हेही सांगितलं. मुलं ऐकत होती. मग ती धुमसण्यावर आली.

“धुमसणं मला पुस्तकातनं कळलं नाही. ते मला माझ्या आजानं सांगितलं. माझा आजा कोळशाची भट्टी लावायचा.”

गंगीचा पदर हलायचा थांबला. रोशनी कॉलेजात हे सांगेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आपण कुठल्या वाडीचे हे पहिल्या वर्षाला पोरगी दबकून सांगायची. आज दीडशे माणसांपुढे भट्टी मांडून बसली होती. पांढरा धूर, पिवळा धूर, निळा धूर. सोळा डोळे. तिने ते गाणंही म्हटलं. ‘उठशील तवा दे गो लेक काळासावळा.’ हॉल इतका शांत झाला की पंख्यांची करकर ऐकू आली. गंगीने ती ओळ ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटली, आणि तिला सुखच वाटलं.

“पण एकदा,” रोशनी म्हणाली, “आजाचा एक डोळा मिटायचा राहिला. सोळातला एक. तो विसरला. एवढीशी चूक, आणि सगळ्या भट्टीची राख झाली. तेव्हापासून माझा आजा डब्याला झाकण लावलं तरी आईला विचारतो, ‘बघ गो, मिटलं का?’”

हॉल हसला. मायेनं हसला, कोणी वाईट हसलं नाही. मागून टाळ्या सुरू झाल्या. गंगीचे हात मांडीवर तसेच राहिले. बोटांची टोकं, जिथे कधीच कसली खूण उरली नव्हती, ती आतून चुरचुरायला लागली.

इतके दिवस ती गोष्ट घरात होती. दामू सांगायचा, दामू हसायचा. आज ती दीडशे जणांच्या कानांत गेली. उद्या रोशनी आपल्या पोरांना सांगेल. आजा विसरला. भट्टीवाला दामू, ज्याला निळ्या धुरातून झाड दिसायचं, तो कायमचा विसरणारा म्हातारा होऊन राहील, आणि हे पोरगी प्रेमाने सांगत राहील.

रोशनीला दुसरं बक्षीस मिळालं, जाडजूड शब्दकोश. अनिता मॅडम गंगीजवळ आल्या. “तुमचे वडील आहेत ना अजून? त्यांना आणायला हवं होतं. केवढं ज्ञान!”

“हायत,” गंगी म्हणाली. “सगळं ध्यानात हाय त्यांच्या.” आणि तिचा आवाज असा आला की मॅडमनी जरा चमकून बघितलं.

एसटी स्टँडवर रोशनी आनंदाने नुसती उडत होती. मैत्रिणीने मोबाइलवर सगळं शूटिंग केलं होतं. “घरी गेल्या गेल्या आज्याला दाखवणार! त्याची गोष्ट सांगताना लोक कसे ऐकत होते बघ म्हणावं.” तिने आजासाठी पोह्याचे पापड घेतले. स्टँडच्या तोंडाशी एक वाडीवरची बाई पानाच्या द्रोणांत ओले काजूगर विकत होती. रोशनीने तेही घेतले. “खा ना, आई.”

“मला नाय लागत.”

“रानात वाढलीस आणि काजू खात नाहीस! असली बाई अख्ख्या जिल्ह्यात तूच एक.”

गंगी गाडीकडे चालू लागली. एसटीत बसल्यावर मात्र तिने लेकीचा हात धरला. “रोशने, ते मोबाइलवरचं आज्याला लगेच दाखवू नको.”

“का?”

“मला आधी बोलायचं हाय त्याच्याशी.”

रोशनीने आईकडे बघितलं. “मी काही चुकीचं बोलले का गो?”

“तू नाय चुकलीस. तुला जे सांगितलं ते तू सांगितलंस.” मग नागोठणं मागे पडलं. निडीचा फाटा गेल्यावर म्हणाली, “तो शब्द काय म्हनालीस? आधी मरण व्हतं, मग ग्लानी, मग घाम.”

“हं. स्वेल्टर.”

“किती वर्षं लागली?”

“हजाराच्या वर.”

“मग माझं सदतीस वर्षांत, लवकरच म्हनायचं,” गंगी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

*

अष्टमीत उतरल्या तेव्हा ऊन कललं होतं. टेबलावरचे कपडे दामूने नीट झाकून ठेवले होते. कमळाकर त्याला सोबत म्हणून बसला होता, रोशनीच्या हातातलं पुस्तक बघून त्याने “अरे वा, आता बोलायचीच सोय राहिली नाय!” असं म्हणत शर्ट खांद्यावर टाकला आणि निघून गेला. दामूने शब्दकोश दोन्ही हातांनी उचलून बघितला. “पाच किलोचा हाय. इस्त्री नसली तर हाच फिरवायचा.”

रोशनी हसली, पण आईकडे बघून आत गेली. दाराच्या आत, उंबऱ्याशीच थांबली.

दामू संध्याकाळच्या कामाला लागला. उरलेले निखारे चिमट्याने उचलून पत्र्याच्या डब्यात टाकले. झाकण बसवलं, तळहाताने चारी बाजूंनी दाबलं.

“बघ गो, मिटलं का?”

गंगी हलली नाही. दामूने मान वर केली. “गंगे? बघतेस ना?”

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, लहानपणी भट्टीसमोर बसायची तशी, गुडघ्यांभोवती हात घालून.

“नाय बघत, बा.”

“का गो?”

“तू मिटलंस म्हंजी मिटलं असंल. बा, खांबच्या रानात तू मला इचारलं व्हतंस. सगळ्यांच्या म्होरं. सोळा मोजले ना आपन, म्हनून.”

“इचारलं व्हतं. तू म्हनालीस ध्यानात नाय. बारकी व्हतीस तू. आता कशाला ते?”

“ध्यानात व्हतं, बा.”

पुलावरून एसटी गेली.

“सोळाच्या सोळा मिटलेले तू. मी मोठ्यानं मोजले. सतरावा मी पाडला, मागल्या अंगाला, कोयत्यानं. पानी नव्हतं म्हनून कोरडी माती लावली. तुझा एक पन राहिला नव्हता. मी भ्याले आनि ध्यानात नाय म्हनाले.”

दामूचा हात झाकणावरच होता. चेहरा हलत नव्हता. ओठ तेवढे हलले, आवाज न करता, आणि गंगीला कळलं की तो मोजतोय. तिने त्याला मोजू दिलं. सोळापर्यंत जायला म्हाताऱ्याला वेळ लागला.

“सोळा,” तो म्हणाला.

“सोळा.”

“मला वाटायचंच हात फिरला व्हता सगळ्यांवर.” त्याने स्वतःचा तळवा उलटा करून बघितला. “मग म्हनायचो, वाटतं नुसतं.” तळवा त्याने गुडघ्यावर पुसला. मग विचारलं, “सतरावा कशापायी पाडलास गो?”

“दिनेश रडत व्हता. काजू भाजायला.”

दामूने तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडाच्या कडा हळूच वर जात होत्या, जशा कोळसा खण्ण वाजला की जायच्या.

“भाजल्या का मग नीट?”

“भाजल्या. सगळ्या त्यानंच खाल्ल्या. मी एक पन नाय खाल्ली, बा. तवापासनं नाय.”

दामूने टेबलावरचा द्रोण ओढला. त्यातला एक काजूगर घेऊन तिच्या हातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठला. निखाऱ्यांचा डबा उचलून भिंतीशी ठेवला, इस्त्री उलटी करून ठेवली, ताडपत्रीची दोरी ओढून गाठ मारली. उंबऱ्याशी उभ्या असलेल्या नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “पोरी, फुडल्या बारीला नीट सांग. सोळाच्या सोळा.”

आणि आत गेला. आतून नळाचा आवाज आला, हात धुतल्याचा, मग नळ बंद केल्याचा. गंगी काजूगर मुठीत धरून सवयीने कान देऊन बसली. आतून काही विचारणं आलं नाही.